पुरावा क्रमांक सात

लिफ्टमधली ती पाटी मीच लावली होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत अजूनही नवं कुणी राहायला आलं की शेजारपाजारचे त्याला लिफ्टच्या आरशाशेजारचा खरवडलेला चौकोन दाखवतात आणि मग हळूच माझ्या दाराकडे बोट करतात. तेव्हा लपवाछपवीत काही अर्थ नाही.

प्रकरण सुरू झालं सासूबाईंच्या मनगटापासून. त्या आपल्या गावी, स्वतःच्या दीड खोलीच्या घरात एकट्या राहतात आणि मजेत राहतात. जिन्यावर पाय घसरला, डाव्या मनगटाला प्लास्टर आलं आणि सहा आठवड्यांसाठी त्या आमच्याकडे आल्या. आल्या आल्या बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाल्या, "सहा आठवडे म्हणजे सहा. सातव्या आठवड्यात मी माझ्या घरी." परदेशातल्या मेहुण्याचं म्हणणं वेगळं होतं. आईनं आता एकटं राहू नये, घर विकावं. पठ्ठ्यानं गिऱ्हाईकसुद्धा शोधून ठेवलं होतं. फोनवर मायलेकांची भरपूर वादावादी झाली आणि शेवटी तह झाला. महिनाअखेरीला डॉक्टर म्हणाले, 'एकट्या राहू शकतात,' तर घर राहील. नाही म्हणाले तर सासूबाई विक्रीच्या कागदावर सही करतील. "शब्द दिलाय मी त्याला," असं त्या मला म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही, ही आमच्या घरातली मोठीच अडचण आहे.

तर त्यांचं घर वाचवायचं होतं. आणि ते मी वाचवायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे इथं नमूद करायला हवं.

मी सव्वीस वर्षं ऑफिसच्या रेकॉर्ड विभागात आहे. आमच्या विभागाबद्दल लोक काहीबाही बोलतात, पण आमच्याकडे एकही कागद हरवत नाही. सापडत नाही, एवढंच. आमच्याकडचा पहिला नियम असा की लेखी आदेश असल्याशिवाय कोणतीही वस्तू रजिस्टरमधून कमी करायची नाही. आमच्या स्टोअरमध्ये एक हातानं फिरवायचं कॉपी मशीन आहे. ते चालतं की नाही हे विचारायचं नसतं. ते आहे, कारण ते नाही असा कागद अजून आलेला नाही. हा नियम मी घरीही पाळतो. बायको म्हणते, त्यामुळेच आपल्याकडे माळ्यावर जागा नाही. तो विषय वेगळा आहे.

सासूबाई गावाहून रक्तदाबाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन आल्या होत्या, चांगल्या दोन महिन्यांच्या. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि गुलाबी गोळी लिहून दिली. मी चिठ्ठी घेऊन इमारतीखालच्या केमिस्टबाईंकडे गेलो. चष्मा साखळीला अडकवलेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, अतिशय सरळ बाई. त्या मला काहीतरी सांगत होत्या, पण त्याच वेळी मी त्यांना कपाटातली औषधं रंगाप्रमाणे लावली तर किती सोपं जाईल, हे समजावून सांगत होतो. दोघं एकदम बोलत असताना एकानं थांबावं लागतं. त्या थांबल्या. मग त्यांनी कागदी पाकिटावर लाल पेनानं काहीतरी खरडलं, "घरी गेल्यावर एवढं वाचा हं," म्हणाल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी पाकीट घेतलं आणि कपाटांचं बोलणं पूर्ण करूनच निघालो.

प्लास्टरच्या हातानं सासूबाईंना स्ट्रिपमधून गोळी ढकलून काढता येईना. मग मी स्क्रू ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्याचा औषधांचा डबा केला. अठ्ठावीस कप्पे. सात वार, चार वेळा, प्रत्येक कप्प्यावर छापील चिठ्ठी. दर रविवारी सकाळी बाकीच्यांना बाजूला बसवून मी तो भरायचो. कॅल्शियमची पांढरी, रक्तदाबाची गुलाबी आणि रक्तदाबाची पिवळी. पिवळी बंद करा असा लेखी आदेश माझ्यापर्यंत आलेला नव्हता. शिवाय दोन महिन्यांच्या गोळ्या टाकून द्यायच्या, हे कुठल्याही सरळमार्गी माणसाला झेपणारं नाही.

पाचव्या दिवशी सासूबाईंना चक्कर आली.

सहाव्या दिवशीही आली. पाय सुजले. पंधरवड्याच्या आत त्या खुर्चीतून उठताना टेबल धरायला लागल्या. ज्या बाईनं हवामान खात्यात तेहतीस वर्षं नोकरी केली, रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला पर्जन्यमापकापाशी उभं राहून पाऊस मोजला, ती बाई आता मोरीपर्यंत जायला लेकीचा खांदा शोधायची. मला बघवत नव्हतं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फारच खाली गेलाय. गोळ्या चिठ्ठीप्रमाणेच देताय ना?"

"तंतोतंत!" मी म्हणालो.

"बाहेरचं काही? घरगुती औषधं वगैरे?"

"बाहेरचं काहीही नाही." पिवळी गोळी बाहेरची नव्हती. ती रजिस्टरला होती.

"मग ही गोळी यांना सोसत नसेल. दहा दिवस बघू, नाहीतर बदलू. पण आई, चक्कर थांबत नाही तोवर एकटं राहायचं नाव काढायचं नाही."

सासूबाईंनी मान हलवली.

त्या दिवशी मी गुलाबी गोळीच्या खोक्यातला माहितीचा कागद उघडला. तो कागद तुम्ही कधी उघडला असेल तर ठाऊक असेल, तो उघडतो, पण पुन्हा तसाच मिटत नाही. अक्षर इतकं बारीक की लिहिणाऱ्याची इच्छा वाचलं जावं अशी नसावीच. मी भिंग घेतलं आणि थेट 'इशारे आणि दुष्परिणाम' या भागावर गेलो. वरचा मोठ्या अक्षरातला भाग सोडून दिला. मोठ्या अक्षरात जे असतं ते सगळ्यांसाठी असतं, खरं ते खाली बारीक अक्षरात असतं, हा माझा ऑफिसातला अनुभव. आणि सापडलं! चक्कर येणे. पाय सुजणे. थकवा. मी भिंग टेबलावर ठेवून बायकोला हाक मारली.

"बघ! इथं लिहिलंय! गोळीनंच होतंय हे!"

बायकोनं कागद हातात घेतला. "अहो, इथं तर केस गळणं पण लिहिलंय. तुमचे कुठल्या गोळीनं गेले?"

अशा वातावरणात मी काम करत होतो.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पंपकाका भेटले. हे इमारतीचा पाण्याचा पंप बघतात आणि जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ पाण्यात असतं असं मानतात. पण गुलाबी गोळी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी सहा वर्षं तीच घेतोय! त्याच दुकानातून!" तेवढ्यात विमा विकणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आत आल्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे लेखी करा. लेखी असलं की लोक ऐकतात." माझ्या दुखऱ्या नाही, आवडत्या नसेवर बोट ठेवलं त्यांनी. मी लगेच पाटी तयार केली. 'सावधान! खालच्या दुकानातील गुलाबी गोळीमुळे ज्येष्ठ नागरिकास चक्कर. आपल्या गोळ्या तपासा. जनहितार्थ.' खाली माझं नाव आणि घर क्रमांक. लॅमिनेट केली आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं लिफ्टमध्ये लावली. ही पट्टी घेताना मी दुकानदाराला मुद्दाम विचारलं होतं, "कधीच निघणार नाही अशी आहे ना?"

चार दिवसांत केमिस्टबाईंच्या काउंटरवर परत आलेल्या स्ट्रिपांचा ढीग पडला. एरवी संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आता त्या एकट्याच काच पुसत बसलेल्या दिसायच्या. मी समोरून जाताना त्या पूर्वी "या" म्हणायच्या, ते बंद झालं. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटलं, अपराधी माणूस असाच गप्प बसतो.

पंपकाकांनी गोळी बंद केली आणि त्यांचं डोकं ठणकायला लागलं. तीही नोंद मी गुलाबी गोळीच्या खात्यात केली. त्यांनी गोळी सोडल्यावर ठणका सुरू झाला होता, पण खातं तेच उघडलेलं होतं.

आता सरकारी बाजू. औषधाचा त्रास झाला तर तो कळवायचा एक कक्ष मोठ्या दवाखान्यात असतो, हे मला त्या बारीक अक्षरांतूनच समजलं. अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीतला कारकून माझ्याच जातकुळीचा निघाला, म्हणजे त्याच्याही चष्म्याला दोरी आणि पेनाला टोपण होतं.

"रुग्ण कुठंय?"

"घरी."

"घरी? मग गंभीरच्या खिडकीत कसे उभे? सौम्य खिडकी पलीकडे."

पलीकडे गेलो. तिथं तोच कारकून खुर्ची सरकवून आला.

"बॅच नंबर?"

आता आली पंचाईत. गोळ्या डब्यात भरताना स्ट्रिपांचं नंबर छापलेलं टोक मी कापून फेकून दिलं होतं. "गोळी गुलाबी आहे," मी म्हणालो.

"साहेब, गुलाबी तर माझी छत्रीपण आहे."

बॅच नंबरसाठी मी आमच्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. नेमक्या त्या वेळी केमिस्टबाई जिन्यानं वर येत होत्या, कुणाचं तरी औषध पोचवायला. लिफ्टनं येत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनगटावरून चहाचा चोथा ओघळला. का येत नसतील त्या लिफ्टनं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता रोज पडतो.

अखेर अर्ज झाला. मूळ अर्ज एका पानाचा होता, मी सोबत दहा पानं जोडली. अनुक्रमणिका, तक्ता, आणि पुरावे. माहितीचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, स्ट्रिपचा सापडलेला तुकडा, औषधाचं पाकीट, असं सगळं एकेका प्लॅस्टिकच्या खिशात घालून त्यावर 'पुरावा क्रमांक' अशी छापील चिठ्ठी डकवली. मुद्दाम मोठी, म्हणजे लांबून दिसेल. सगळ्याची झेरॉक्स त्या कक्षात दिली आणि मूळ फाईल घरी ठेवली. खरं सांगू का, आपला अर्ज वाचून कुणीतरी मोठा अधिकारी म्हणेल, 'कोण हो हा माणूस?' असं चित्र मी बरेच दिवस डोळ्यांसमोर घोळवत होतो.

त्यानंतर चार दिवस मला ऑफिसनं जुन्या कागदपत्रांच्या जतनाच्या प्रशिक्षणाला बाहेर पाठवलं. रविवारी पहाटे निघालो, गडबडीत डबा भरायचा राहिला. गुरुवारी परत आलो तर दार सासूबाईंनी उघडलं. टेबल न धरता, भिंत न धरता. "या," म्हणाल्या, "चहा टाकलाय." चेहरा कसा टवटवीत! मला अतोनात आनंद झाला. महिनाअखेरीला नऊ दिवस होते. त्यांची बॅगसुद्धा पलंगाखालून बाहेर आलेली दिसली. मी हातपाय धुतले आणि आधी डबा भरायला घेतला. चार दिवस घरात शिस्त नव्हती ना.

शुक्रवारी संध्याकाळी चक्कर आली. शनिवारी त्या टपालपेटीपर्यंत जायला म्हणून निघाल्या आणि जिन्यात तिसऱ्या पायरीवर मटकन बसल्या. डोकं कठड्याला लागता लागता वाचलं. आम्ही दोघांनी त्यांना वर आणलं. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी डोळे मिटले आणि लेकीला म्हणाल्या, "त्याला फोन लाव. म्हणावं, कागद पाठव. सही करते मी."

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्यामागे गेलो आणि म्हणालो, "मी त्या केमिस्टबाईला सोडणार नाही." आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सोमवारी सकाळी दारात एक तरुण बाई उभी. खांद्याला पिशवी, हातात माझ्या अर्जाची झेरॉक्स. औषध सुरक्षा कक्षातून आल्या होत्या. "एरवी आम्ही फोनवरच विचारतो," त्या म्हणाल्या, "पण अकरा पानांचा अर्ज आमच्याकडे पहिल्यांदाच आला. मोठ्या साहेबांनी विचारलं, कोण हो हा माणूस?"

मला धन्य वाटलं. मी त्यांना चांगल्या खुर्चीत बसवलं आणि फाईल पुढे केली. बायको दारात टेकून उभी होती. सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. उघडं दार बघून पंपकाकाही डोकं धरून आत आले. माझी शोभा पाहायला एवढी माणसं पुरेशी होती.

मॅडमनी अर्ज उलगडला. "एक रकाना तुम्ही रिकामा ठेवलाय. औषध बंद केल्यावर त्रास कमी झाला का? आणि पुन्हा सुरू केल्यावर परत झाला का? आमच्या दृष्टीनं हा सगळ्यात महत्त्वाचा."

"पण औषध बंद कधी केलंच नाही," मी म्हणालो. "एकही खाडा नाही."

"मग मधे बरं वाटलंय का कधी आजींना?"

सासूबाईंनी उशीखालून वही काढली. निवृत्त झाल्यावरही त्या रोज साडेआठला नोंद करतात, हे मला माहीत होतं. काय नोंदवतात ते कधी विचारलं नव्हतं. मॅडमनी वही मोठ्यानं वाचायला घेतली.

"सोमवार. आकाश निरभ्र. वारा नाही. चक्कर दोनदा. चहा गोड. जावई घरी. मंगळवार. ढगाळ. चक्कर तीनदा. जावई घरी." पान उलटलं. "रविवार. जावई गावाला गेले. चक्कर एकदा. सोमवार. चक्कर नाही. जावई नाहीत. मंगळवार. चक्कर नाही. जावई नाहीत. बुधवार. चक्कर नाही, सूज कमी, भूक उत्तम. जावई नाहीत. गुरुवार. जावई आले. शुक्रवार..." मॅडम थांबल्या.

"चक्कर दोनदा," सासूबाईंनी पाठ म्हणून दाखवलं.

पंपकाका माझ्याकडे बघायला लागले. पाण्यावरचा त्यांचा विश्वास त्या क्षणी उडाला असावा.

"अगं आई," बायको म्हणाली, "तुला हे दिसत होतं तर बोलली का नाहीस?"

"आमचं काम नोंद करायचं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "अंदाज वर्तवायचा विभाग वेगळा होता."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला आधार वाटला असता. त्यांनी बायकोला विचारलं, "हे नसताना गोळ्या कोण देत होतं?"

"मीच. डबा रिकामा होता, म्हणून चिठ्ठी बघून स्ट्रिपमधून काढून दिल्या. एक पांढरी, एक गुलाबी."

"आणि डब्यात काय असतं?"

मी डबा आणला. मॅडमनी सोमवारचा कप्पा उघडला. "ही पिवळी कसली?"

"रक्तदाबाची. गावच्या डॉक्टरांची."

"आणि गुलाबी?"

"रक्तदाबाची. इथल्या डॉक्टरांची."

"दोन्ही देता?"

"पिवळी बंद करा असा लेखी आदेश कुठं होता?" मी म्हणालो. पण आवाज माझा वाटेना.

मॅडमनी फाईल पुढे ओढली. एकेक खिसा उलटत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. केमिस्टबाईंचं कागदी पाकीट. त्यावर माझी मोठी छापील चिठ्ठी, 'पुरावा क्रमांक ७'. चिठ्ठीच्या कडेनं लाल शाईचं एक वेलांटीचं टोक बाहेर डोकावत होतं. मॅडमनी नखानं चिठ्ठीचं टोक उचललं आणि हळूहळू ती सोलून काढली. ती पटकन निघाली. माझ्या आयुष्यात मी चिकटवलेली तेवढी एकच गोष्ट सहज निघाली असेल.

खाली लाल पेनानं, सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'जुन्या पिवळ्या गोळ्या बंद कराव्यात. दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे.' आणि त्याखाली दोन रेघा.

"पहिला कागद वाचलात ना तुम्ही? माहितीचा?" मॅडमनी विचारलं. "सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, हेच नाव आहे. पिवळीच्या स्ट्रिपवरही हेच. कंपन्या दोन, औषध एक. आजींना महिनाभर दुप्पट डोस जातोय."

मी मोठी अक्षरं सोडून दिली होती, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. त्या खोलीत ते मला सांगता आलं नाही. मी बसायला खुर्ची शोधत होतो, पण चांगली खुर्ची मॅडमना दिलेली होती. सासूबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांचं घर वाचवायला निघालेला मी, आठवड्याला सात कप्पे भरून त्यांना त्या घराबाहेर काढत होतो. बॅग पुन्हा पलंगाखाली गेलेली मला दिसत होती.

"म्हणजे माझी गोळी चांगली आहे?" पंपकाका क्षीण आवाजात म्हणाले.

"तुम्ही बंद केलीत?" मॅडम ताडकन उठल्या. पिशवीतून यंत्र काढून पंपकाकांचा रक्तदाब मोजला आणि तिथल्या तिथं त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना पंपकाका मला काही बोलले नाहीत. दोन दिवस आमच्या मजल्यावर पाणी आलं नाही, पण त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही.

मॅडम अर्ज पुन्हा लिहायला बसल्या. अशा चुकाही कळवायच्या असतात म्हणे, म्हणजे इतरांच्या घरी होत नाहीत. "संशयित कारण..." त्या पेन थांबवून म्हणाल्या.

"जावई," बायको म्हणाली.

"मग शिफारस? बंद करावा?"

"नको गं," सासूबाई म्हणाल्या. "मनानं चांगले आहेत. नुसता डोस कमी कर."

त्या बोलल्या तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मी पुरावा क्रमांक सातची गोळा झालेली चिठ्ठी खिशात घालून बाहेर आलो.

आधी पाटी काढायला गेलो. पट्टी विकणारा खोटं बोलला नव्हता. पाटीचा वरचा कागद निघाला, 'सावधान' निघालं, पण लॅमिनेशनचा पाठीमागचा भाग आणि नेमकी 'जनहितार्थ' आणि माझं नाव ही ओळ निघेना. मी जुना चाकू घेऊन खरवडत बसलो. लिफ्ट वर जात होती, खाली येत होती, दर मजल्यावर दार उघडत होतं आणि कुणीतरी आत येऊन मला पाहून गप्प उभं राहत होतं. विमावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लेखी होतं म्हणून लोकांनी ऐकलं हं." मी मान खाली घालून माझं आडनाव खरवडत राहिलो.

मग केमिस्टबाई. पहिल्या दिवशी गेलो, दुकानात दोन माणसं होती, मी कापसाची गुंडाळी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीच नव्हतं, त्यामुळे तर अजिबात धीर होईना. पुन्हा कापूस. तिसऱ्या दिवशी त्यांनीच गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "कोणाला लागलंय का फार?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही लिहून दिलं होतं. मी त्यावर चिठ्ठी चिकटवली." मग सगळं सांगितलं. मधे दोन गिऱ्हाइकं आली, तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर चौथा कापूस घ्यावा लागला असता.

त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला. "मला वाटलं, माझंच काही चुकलं की काय," त्या म्हणाल्या. "रोज रात्री जमा झालेल्या स्ट्रिपांवरच्या तारखा बघायचे मी. अक्षर अजून मोठं काढायला हवं होतं मी पाकिटावर."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा जन्माचा ऋणी झालो असतो. मी त्याच दिवशी प्रत्येक घराचं दार वाजवून, नवी पाटी न लावता, तोंडानं सांगितलं की औषध चांगलं आहे, दुकान चांगलं आहे, गाढवपणा माझा आहे. चाळीस दारं आहेत आमच्याकडे. तिसाव्या दारापर्यंत माझं वाक्य अगदी सफाईदार झालं होतं. संध्याकाळी दुकानात तीन माणसं दिसली, दुसऱ्या दिवशी सात. मी मोजली, कारण सवय आहे.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी सासूबाईंना उभं केलं, चालवलं, खाली वाकवलं आणि म्हणाले, "जा खुशाल." मेहुण्यानं पाठवलेला कागद त्यांनी सुरेख घडी घालून मला दिला. "तुमच्या फाईलीत ठेवा. चिठ्ठी नका लावू."

त्यांना मी पोचवायला गेलो नाही. म्हणजे त्यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. कक्षाकडून एक पत्र आलं, 'कळवलेल्या चुकीबद्दल आभार'. त्यासोबत अर्जाची एक प्रत होती. त्यात एक रकाना अजून रिकामाच होता. 'पुन्हा सुरू केल्यावर त्रास परत झाला का?' मॅडमनी पेन्सिलीनं बाजूला लिहिलं होतं, 'पाहणी बाकी'.

तीन आठवड्यांनी फोन आला. "रविवारी या," सासूबाई म्हणाल्या. "साडेआठच्या आत या."

मी सव्वाआठला पोचलो. दीड खोलीचं घर, खिडकीत दोन कुंड्या, फडताळावर बिस्किटांचा गोल डबा आणि त्यात गोळ्यांच्या अखंड स्ट्रिपा. डबा अगदीच अव्यवस्थित होता. कॅल्शियमवर रक्तदाब पालथा पडला होता. मी पाहिलं आणि खुर्चीत बसलो. त्यांनी चहा दिला. टेबल न धरता गेल्या, भिंत न धरता आल्या. दोन तास मी कशालाच हात लावला नाही. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, तेही तसंच राहू दिलं.

निघताना त्यांनी वही माझ्यापुढे केली. त्या दिवशीची नोंद नुकतीच पूर्ण केलेली होती.

'आकाश निरभ्र. वारा मंद. जावई हजर, दोन तास. हात मांडीवर. चक्कर नाही.'